बीआरसीए जनुक : आईचा रिपोर्ट, माझं रक्त, मामाचं घर

आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती ६४ वर्षांची होती. त्याआधी कित्येक महिने तिचं पोट फुगत होतं. अर्धी पोळी खाल्ली की जेवण पुरे व्हायचं, रात्री लघवीला पुन्हा पुन्हा उठावं लागायचं. गॅस झाला म्हणून ती ओवा चावायची. एका दवाखान्यात ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे एन्डोस्कोपी झाली, ती नॉर्मल आली. ओटीपोटाची सोनोग्राफी करा असं मात्र कोणीच सांगितलं नाही. म्हणून बाकी काही सांगायच्या आधी एवढं लिहिते: चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं पोट दोन-तीन आठवडे सतत फुगलेलं राहत असेल, थोडं खाल्लं तरी भरत असेल, तर गोळ्यांवर भागवू नका. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी स्वतःहून मागा. सीए-१२५ साधारण ३५ च्या आत असायला हवं. आईचं हजाराच्या वर होतं.

शेवटी नागपुरात धंतोलीतल्या एका सेंटरवर सोनोग्राफी झाली. "पोटात पाणी दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. आई टेबलावर पडल्यापडल्याच बोलली, "माझ्या आत्यालेही असंच झालं होतं, काटोलले. पोटात पाणी झालं अन् गेली बिचारी." तिचं बोलणं कोणी लिहून घेतलं नाही, मीही नाही. पण पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ त्या एका वाक्यात होतं.

सीटी स्कॅन, बायोप्सी, आणि रिपोर्टवर "हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा", म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा आक्रमक प्रकार. वर्धा रोडवरच्या ज्या हॉस्पिटलात उपचार ठरले तिथल्या कॅन्सरतज्ज्ञ बाईंनी आखणी सांगितली: दर २१ दिवसांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, अशा तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन. इथपर्यंत सगळं आमच्या अपेक्षेप्रमाणे होतं. मग त्या म्हणाल्या, "यासोबत दोन तपासण्या पाठवायच्या आहेत. एक आईंच्या रक्ताची, एक गाठीच्या तुकड्याची. दोन्ही जनुकांच्या."

कॅन्सर आहे हे कळलंच आहे, औषधही ठरलं आहे, मग आता जनुकं कशाला, असं मी विचारलं. मी बँकेत नोकरी करते, जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटलेला. डॉक्टरांचं उत्तर मात्र मला त्याच क्षणी समजलं. त्या म्हणाल्या, "हा कॅन्सर वाढतो तोच जनुकांच्या अस्थिरतेवर. पेशीतली कुठली दुरुस्ती बंद पडली हे कळलं, तर पुढचं औषध ठरतं. आणि ती दुरुस्ती जन्मापासूनच अर्धी बंद होती असं निघालं, तर तो प्रश्न तुमचा, तुमच्या भावाचा आणि तुमच्या मामांचाही आहे."

त्यांनी त्या दिवशी दिलेला वेळ मी विसरणार नाही. बाहेर रांग असताना त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए रोज हजारो ठिकाणी दुखावतो. तंबाखू, धूर, किरणं ही कारणं आहेतच, पण ती नसली तरी दुखावतो, कारण पेशीतलं पाणी आणि पेशीचा स्वतःचा श्वासही त्याला झिजवतो. या दुरुस्त्या कशा होतात हे उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बहुतेक इजा दोन धाग्यांपैकी एकावर होते आणि समोरचा धागा शाबूत असल्यामुळे ती सहज भरून निघते. घात होतो तो दोन्ही धागे एकाच जागी तुटले की. तेव्हा पेशीपुढे दोन वाटा असतात. एक, तुटलेली टोकं जशी असतील तशी चिकटवून टाकायची. त्यात सांध्यावरची अक्षरं गळतात, कधी भलतंच टोक भलत्याला जोडलं जातं. दुसरी, त्याच गुणसूत्राची नुकतीच तयार झालेली प्रत शेजारी असते, तिच्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचं. "फाटलेल्या साडीचे काठ ओढून टाके घालणं वेगळं आणि रफूगाराने त्याच साडीचा धागा काढून वीण भरणं वेगळं," डॉक्टर म्हणाल्या. आईने लगेच मान डोलावली.

ही दुसरी, बिनचूक दुरुस्ती ज्यांच्या जोरावर चालते त्यात बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही दोन जनुकं येतात. पहिलं तुटलेली टोकं तयार करतं, दुसरं आरएडी ५१ नावाचं प्रथिन त्या टोकांवर आणून बसवतं. दोन्हींच्या प्रत्येकी दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते, म्हणून अशी माणसं पन्नास-साठ वर्षं ठणठणीत असतात. अडचण येते ती लाखो पेशींपैकी एखादीत चांगली प्रतही गळाली म्हणजे.

तपासणीआधी समुपदेशन सक्तीचं होतं आणि ते योग्यच आहे. समुपदेशक एक तरुण मुलगी होती. तिने मोठा कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने आमचं घराणं काढायला सुरुवात केली. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, आजारी असेल तर आत काळं भरायचं, गेलेलं असेल तर तिरपी रेघ. आईचं वर्तुळ काळं झालं. माझ्या आजीकडे सगळी वर्तुळं रिकामी. तेव्हा तिने विचारलं, "काकू, तुमच्या वडिलांकडे कोणाला?" आई म्हणाली, "आबाजीले काही नाही झालं, ८२ वर्षांचे होऊन गेले." "आणि त्यांच्या बहिणी?" मग ती काटोलची आत्या आली. पोटात पाणी, वय पन्नाशीच्या आत. दुसरी एक आत्या होती, तिला "छातीत गाठ" होती आणि तिला मुंबईला नेणार होते, पण नेलं नाही. आबाजींचा चौकोन रिकामा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळी वर्तुळं, खाली आई. कागद माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेला. आजवर आमच्या घरात कॅन्सर नाही असंच आम्ही सांगत आलो होतो, कारण "आईच्या आईला नव्हता ना" एवढंच सगळे विचारायचे. बीआरसीएचा दोष बापाकडूनही तितकाच येतो. पुरुषाला अंडाशय नसतं, स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, म्हणून तो स्वतः निरोगी राहतो आणि दोष पुढच्या पिढीत जातो. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी.

रक्ताचं काम सोपं होतं. जांभळ्या झाकणाची ट्यूब, थोडंसं रक्त, सहीचे कागद. गाठीचं काम वेगळं. बायोप्सीचा तुकडा पॅराफिन मेणात बसवून ठेवतात, त्याला सगळे "ब्लॉक" म्हणतात. तो ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता तिथून आपण अर्ज करून घ्यायचा आणि जनुकतपासणीच्या लॅबच्या माणसाकडे पोचवायचा. मे महिना होता. लॅबमधल्या दादांनी प्लॅस्टिकच्या जाळीदार डबीवर बसवलेला तो मेणाचा पिवळट ठोकळा पाकिटात घालून दिला आणि बजावलं, "ताई, गाडीत ठेवून भाजी घ्यायले जाऊ नका. बंद गाडीत मेण पाघळते." नागपूरचा मे, बाहेर ४५ अंश. मी तो थर्माकोलच्या डबीत, खाली थंड पॅक ठेवून, मांडीवर घेऊन नेला. आगपेटीपेक्षाही लहान वस्तू. मेणाच्या मधोमध करड्या रंगाचा तांदळाएवढा तुकडा दिसत होता. आईच्या पोटात काय चाललं होतं त्याचा सगळा इतिहास त्या तुकड्यात आहे हे कळल्यावर तो हातात धरणं सोपं नव्हतं.

रिपोर्टला महिना लागतो. तोवर केमो सुरू होत्या. केमोच्या दिवशी नागपूरच्या कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलात बसा, अर्धा विदर्भ भेटतो: गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, वर पलीकडून बालाघाट, छिंदवाडा. खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो करून आलेल्या बायका, सोबत पोहे-भाकरीचे डबे. त्या खुर्च्यांवर मला हळूहळू दिसायला लागलं की बायकांचे हे कॅन्सर नावाने वेगळे असले तरी आतली गोष्ट बऱ्याचदा एकच आहे.

आईच्या शेजारी गोंदियाकडच्या एक बाई असायच्या, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तिथे जनुक वारशाने बिघडलेलं नसतं, एचपीव्ही हा विषाणू ते काम करतो. त्याची ई ६ आणि ई ७ ही दोन प्रथिनं पेशीतल्या दोन पहारेकऱ्यांना, पी ५३ आणि आरबीला, निकामी करतात. मग पेशी बिघडलेल्या डीएनएसकट विभागत राहते आणि वर्षानुवर्षं चुका साचतात. या विषाणूचा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. इथे आपल्या हातात लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये आली, आणि ती ९ ते १४ या वयात दिली तर सर्वात उपयोगी. माझ्या लेकीला मी ती देऊन आणली, केमो वॉर्डातून घरी आल्यावर लगेच ते ठरवलं. वर्ध्याच्या एक काकू होत्या, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. त्यांच्या भावाला आतड्याचा होता. त्यांच्या गाठीत दुरुस्तीचं तिसरंच खातं बंद होतं: डीएनएची नक्कल करताना होणारे स्पेलिंगचे दोष तपासणारं. एमएलएच १, एमएसएच २, एमएसएच ६, पीएमएस २ अशी त्यातली जनुकं, आणि ती वारशाने बिघडली तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तीन बायका, तीन वाटा, आणि तिघींच्या पेशींची डीएनए राखण्याची ताकद गेलेली.

रिपोर्ट आला तेव्हा आईची तिसरी केमो झाली होती. दोन्ही रिपोर्ट मी मोबाईलवर आधी उघडले आणि मग डॉक्टरांसमोर बसून समजून घेतले.

रक्तात बीआरसीए १ मध्ये रोगकारक बदल. सी.६८_६९ डेल एजी असं त्याचं नाव. म्हणजे जनुकाच्या सुरुवातीलाच दोन अक्षरं गळालेली. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं, त्यामुळे दोन गळाली की पुढचं सगळं वाचन सरकतं. १८६३ अमिनो आम्लांचं प्रथिन बनायला हवं, ते चाळिसाच्या आतच तुटतं. हा बदल अश्केनाझी ज्यूंमध्ये सर्वाधिक ओळखला जातो, पण भारतातल्या घराण्यांमध्येही तो वारंवार सापडतो. काटोलच्या संत्र्याच्या शेतकऱ्याच्या घरातही.

गाठीच्या रिपोर्टवर दोन गोष्टी होत्या. पहिली, टीपी ५३ मध्ये, म्हणजे पी ५३ बनवणाऱ्या जनुकात, बिघाड. या जातीच्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तो जवळजवळ प्रत्येक गाठीत असतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या जनुकीय पाहणीत ९६ टक्के गाठींत तो सापडला होता. दुसरी, जीनोमिक अस्थिरतेचा स्कोअर. ४२ किंवा त्याहून जास्त असेल तर पॉझिटिव्ह मानतात. आईचा ५८. हा स्कोअर म्हणजे गुणसूत्रांवरच्या तीन प्रकारच्या जखमांची बेरीज: कुठे लांबच लांब भागात आईवडिलांपैकी एकाचीच प्रत उरली आहे, कुठे गुणसूत्राच्या टोकापर्यंत दोन प्रतींचा तोल गेला आहे, कुठे मोठाले तुकडे मोडून जोडले आहेत. बिनचूक दुरुस्ती बंद पडल्याशिवाय या जखमा अशा साचत नाहीत.

इथे मी तो प्रश्न विचारला जो मला सगळ्यात जास्त छळत होता. इतकी मोडतोड झालेली पेशी मरायला हवी ना? मग ती वाढते कशी?

डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक मरतातच. पण पी ५३ हाच तो पहारेकरी असतो जो बिघडलेल्या पेशीला थांबवतो किंवा मारतो. तोच आधी गेलेला असेल तर काही पेशी तगून राहतात, आणि दर विभागणीला त्यांच्या लेकी पेशी एकमेकींपेक्षा वेगळ्या निपजतात. कुणात आठव्या गुणसूत्रावरचं एमवायसी, म्हणजे वाढ चेतवणारं जनुक, दोनाऐवजी सहा-सात प्रतींत होतं. कुणात वाढ रोखणारं जनुक पूर्ण गळून जातं. यातली जी पेशी भराभर वाढते, अपुऱ्या रक्तात टिकते, पोटातल्या पाण्यात तरंगून दुसरीकडे रुजते, तिचीच संतती उरते. अस्थिरता पेशीला हे सगळं शिकवत नाही, ती फक्त इतके नमुने तयार करते की त्यातला एखादा जगण्यात वरचढ ठरतो. थिओडोर बोवेरी नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांत गुणसूत्रांची चुकीची वाटणी पाहून कॅन्सरचं मूळ इथे असावं असं १९१४ मध्येच मांडलं होतं, डीएनएची रचना कळायच्या कितीतरी आधी. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. शंभर वर्षं माणसं या एका गोष्टीच्या मागे आहेत.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. अंडाशयाचा म्हणतात तो हा कॅन्सर बहुतेकदा सुरू होतो बीजनलिकेच्या झालरीसारख्या टोकात. तिथल्या पहिल्या बिघडलेल्या पेशींपासून अंडाशयाच्या गाठीपर्यंत सुमारे साडेसहा वर्षं जातात असा २०१७ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. नंतर तो वेगाने पसरतो. म्हणजे आई साठीच्या आत असताना, सकाळी अंबाझरीला फिरायला जात असताना, हे चालू झालं होतं. सोनोग्राफीत ते दिसलं नसतं. वारशाचा दोष माहीत असता तर मात्र नलिका आणि अंडाशय वेळेत काढता आले असते.

औषधाचं कळलं तेव्हा पहिल्यांदा मला या सगळ्यात आशा दिसली. बीआरसीए नसलेल्या पेशीची एक दुरुस्ती बंद असते, म्हणून ती उरलेल्या दुरुस्त्यांवर जगते. त्यातली एक पार्प या प्रथिनावर चालते. ते औषधाने अडवलं की एका धाग्यावरच्या छोट्या इजा भरत नाहीत, विभागणीच्या वेळी त्याच दुहेरी तुटी बनतात आणि त्या भरायला बीआरसीए नाही. पेशी मरते. आईच्या निरोगी पेशींकडे एक चांगली प्रत असल्यामुळे त्या निभावून नेतात. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन गटांनी हे एकाच वेळी दाखवलं, आणि २०१४ च्या डिसेंबरात पार्प अडवणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१८ मध्ये पहिल्या उपचारानंतर लगेच हे औषध देऊन पाहिलेल्या चाचणीचा निकाल आला: बीआरसीए बिघडलेल्या बायकांपैकी तीन वर्षांनी आजार न वाढलेल्या ६० टक्के, औषध न घेतलेल्यांत २७ टक्के. ज्या दोषाने गाठ वाढवली त्याच दोषाने तिला दुबळं करून ठेवलं होतं. कार्बोप्लॅटिनही अशा गाठींवर जास्त चालतं, कारण तेही डीएनएच दुखावतं.

ऑपरेशन, उरलेल्या केमो, आणि मग आईच्या ओलापॅरिबच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. दर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. सुरुवातीला मळमळ, मग थकवा इतका की अंगणात तुळशीला पाणी घालून आली तरी बसायची. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं, रक्त चढवावं लागलं, गोळी काही दिवस बंद ठेवून कमी डोसवर पुन्हा सुरू केली. औषधाचा खर्च मोठा आहे, त्यासाठी आम्ही एफडी मोडली, भावाने बोनस दिला, आणि कंपनीच्या रुग्णसाहाय्य योजनेचा अर्ज हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाने भरून दिला. तो विभाग प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात असतो, तिथे पहिल्याच आठवड्यात जा. डॉक्टरांनी हेही लपवलं नाही की गाठ बदलत राहते, कधीकधी बीआरसीए मध्येच दुसरा बदल होऊन वाचन पुन्हा जुळतं, दुरुस्ती परत सुरू होते आणि औषध चालेनासं होतं. आई हे ऐकून म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा पाहू. आता तं जेवण जाऊन राहिलं नं."

माझी तपासणी त्यामानाने लहान होती. आईचा नेमका बदल माहीत असल्यामुळे माझ्या रक्तात तेवढी एकच जागा पाहायची होती. ती पॉझिटिव्ह आली. दादाची निगेटिव्ह. त्याला ते सांगताना तो रडला, मी नाही. मला त्याच्या दोन्ही मुलींची नावं त्या कागदावरून कायमची सुटली याचा आनंद झाला होता.

समुपदेशक मुलीने आकडे सांगितले: बीआरसीए १ बिघडलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ७२ टक्क्यांच्या आसपास, अंडाशयाच्या ४४. बीआरसीए २ मध्ये ६९ आणि १७. हे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या घराण्यांचे आहेत, हे तिने आवर्जून सांगितलं, आणि टक्केवारी म्हणजे भविष्य नव्हे हेही. स्तनांसाठी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राम, कारण तिथे लवकर पकडता येतं. अंडाशयासाठी अशी भरवशाची तपासणी नाही. म्हणून बीआरसीए १ बिघडलेलं असेल तर मुलं झाल्यावर ३५ ते ४० या वयात नलिका आणि अंडाशय काढण्याचा सल्ला देतात. मी ४१ ची होते.

निर्णय सोपा होता असं मी म्हणणार नाही. एका दिवसात रजोनिवृत्ती येते: घामाच्या लाटा, तुटक झोप, हाडांची काळजी, नवरा-बायकोच्या नात्यातला कोरडेपणा. याबद्दल कोणी मोकळं बोलत नाही, बोलायला हवं. मला स्तनाचा कॅन्सर झालेला नसल्यामुळे नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या घेता येतील असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याने निम्मी भीती गेली. नवऱ्याने एकच विचारलं, "तारीख कधीची घ्यायची?" दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी आले. ऑपरेशनआधी मी एक गोष्ट लेखी मागून घेतली होती आणि तुम्हीही मागा: काढलेल्या नलिका अख्ख्या, दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून तपासायच्या, झालरीचा भाग तर उभा चिरून पूर्ण पाहायचा. नुसता एखादा नमुना पाहिला तर सुरुवातीचा डाग निसटू शकतो. माझ्या नलिका स्वच्छ निघाल्या.

खरं कठीण काम उरलं होतं ते मामाकडचं. आबाजींचा दोष आईकडे आला तसा मामाकडेही येण्याची शक्यता निम्मी होती, आणि मामाला दोन मुली आणि एक मुलगा. आईने फोन केला. मामा म्हणाला, "ताई, लहानीचं लग्न जमवून राहिलो मी. पाहुण्यायले कळलं तर? आता हे कायले काढतेस?" आई गप्प बसली. मग मी काटोलला गेले. मामाचा राग समजण्यासारखा होता. आमच्याकडे मुलीच्या लग्नात पत्रिका बघतात, घराणं बघतात, आणि घराण्यात आजार आहे म्हटलं की स्थळ फिरतं, मुलाकडच्याला मात्र कोणी असं विचारत नाही. मी त्याला आत्यांची गोष्ट सांगितली. त्यातली एक त्याच्या डोळ्यांसमोर गेली होती, तो दहा-बारा वर्षांचा असताना. त्याला आठवत होतं, तिच्या पोटाचं पाणी काढायला काटोलहून नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात बैलगाडी आणि मग एसटीने नेलं होतं. मी म्हटलं, "मामा, तुझं रक्त तपासलं आणि निगेटिव्ह आलं तर तिन्ही पोरं मोकळी. पॉझिटिव्ह आलं तर तुलाही प्रोस्टेटची तपासणी वेळेवर करायला लागेल, हे नुसतं पोरींचं नाही." तो उठून गोठ्याकडे गेला. मामीने मला जेवायला वाढलं आणि हळूच विचारलं, रक्त कुठे द्यायचं, उपाशी जावं लागतं का. उपाशी जावं लागत नाही, मी सांगितलं.

मामाने शेवटी रक्त दिलं, लग्नाची बोलणी चालू असतानाच. पॉझिटिव्ह आलं. मोठी मामेबहीण ३४ वर्षांची, दोन मुलांची आई. तिने स्वतः फोन करून विचारलं काय काय न्यायचं. तिची समुपदेशनाची वेळ पुढच्या मंगळवारी आहे. मी तिला आईच्या रिपोर्टची प्रत पाठवली आहे, मूळ कागदावरून काढलेली, मोबाईलवरचा फोटो नव्हे. त्यावरचं सी.६८_६९ डेल एजी हे नाव लॅबच्या अर्जावर जसंच्या तसं उतरवायचं असतं, म्हणजे तेवढी एकच जागा तपासतात आणि पूर्ण तपासणीच्या कितीतरी कमी पैशात काम होतं. धाकटीच्या सासरच्यांना काय आणि कधी सांगायचं ते तिने आणि होणाऱ्या नवऱ्याने आपसात ठरवलं आहे. तो मुलगा समुपदेशनाला सोबत येणार आहे.